बेल कर्व्ह साहेब, आपण नक्की निवृत्त झालात ना?

प्रति,
माननीय बेल कर्व्ह साहेब,
कॅलिब्रेशन मीटिंग, बंद दाराआड,
आउटर रिंग रोड, बंगळुरू.

विषय : आपल्या निवृत्तीची बातमी खरी करण्याबाबत.

महोदय,

अप्रेझलचा हंगाम आला की आपली आठवण सगळ्या मजल्यांवर एकदमच येते. पोर्टल उघडतं आणि एरवी दोन ओळींची ईमेल लिहायला कंटाळणारी माणसं स्वतःचा गौरवग्रंथ लिहायला बसतात. तो कोणी वाचणार नाही, हे लेखकालाही ठाऊक असतं. आकडा आधी ठरतो, कारणं मागून शोधली जातात.

आपल्या घराण्याबद्दल आम्हाला आदरच आहे. जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ मध्ये खगोलीय निरीक्षणांतल्या चुकांचा हिशेब मांडताना आपल्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. म्हणजे आपलं मूळ काम चुका मोजण्याचं. त्या करण्याच्या कामाला आपल्याला मॅनेजमेंटने लावलं. १९८१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक (जीई) कंपनीचे प्रमुख झालेले जॅक वेल्च यांनी हिशेब सोपा केला : वरचे २० टक्के लाडके, मधले ७० टक्के कामाचे, खालचे १० टक्के घरी. वेल्च यांच्या नावाचं संशोधन केंद्र २००० साली इथे व्हाइटफील्डला उघडलं. आपल्याला मात्र इमारतीची गरज पडली नाही. एक एक्सेल शीट पुरली.

आपल्याला पुष्कळ माणसं लागतात, तीही कशीही उचललेली, असं संख्याशास्त्रात शिकवतात. आमच्याकडे आठ जणांची टीम असते आणि ते आठही जण कॉलेजचा कटऑफ, लेखी चाचणी आणि मुलाखतींच्या फेऱ्या पार करून आलेले असतात. तरी त्यातला एक जण दरवर्षी ‘अपेक्षेपेक्षा कमी’ निघतोच, आणि तो कोण हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, नुकताच टीम बदलून आलेला, किंवा गेल्या वर्षी प्रमोशन घेतल्यामुळे ‘या वर्षी जरा समजून घे’ असं ज्याला सांगता येतं तो. मॅनेजर खासगीत म्हणतो, “तुझं काम उत्तम आहे रे, पण कोणाला तरी खाली बसवावंच लागतं.” वर्षभरातला खरा फीडबॅक तेवढाच.

मध्यंतरी आपण निवृत्त झाल्याच्या बातम्या आल्या. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये आपल्याला निरोप दिला. १९८१ साली पुण्यात जन्मून बंगळुरूची झालेली इन्फोसिसही २०१५ मध्ये त्याच वाटेने गेली. आम्ही पेढे वाटले. पुढच्याच हंगामात आमच्या मीटिंगमध्ये ‘डिस्ट्रिब्युशनचं मार्गदर्शन’ या नव्या नावाने आपण खुर्ची ओढून बसलेले दिसलात. पगारवाढीची रक्कम आधीच बांधलेली असते आणि ती वाटायला कोणाला तरी कमी ठरवावं लागतं, एवढंच आपल्या दीर्घायुष्याचं रहस्य.

आपल्या आकड्यात आमचं काम किती उतरतं, याचाही हिशेब झाला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,४९२ मॅनेजरांना त्यांचे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे लोक यांनी दिलेली रेटिंग तपासली गेली. रेटिंगमधल्या फरकाचा ६२ टक्के भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेतून आला होता. कामगिरीचा वाटा २१ टक्के. थोडक्यात, ते आमचं प्रगतिपुस्तक नसून साहेबांची कुंडली असते.

आम्ही सरकारी कचेऱ्यांना हसतो. तिथल्या गोपनीय अहवालाची गंमत ऐका. देव दत्त नावाच्या सीमा रस्ते सेवेतल्या अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला आणि त्यापायी बढती हुकली, कारण बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता. शेरा त्यांना कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : शेरा बरा असो की वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा, म्हणजे त्याला दाद मागता येईल. लोखंडी कपाटांच्या कचेरीला हे पाळावं लागतं. आमच्या काचेच्या इमारतीत मात्र रेटिंग पक्की करणाऱ्या कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये आमच्याबद्दल कोण काय बोललं, ते आम्हाला कधीच कळत नाही.

तेव्हा आपल्या मालकांना आमच्या चार मागण्या पोचवाव्यात.

१. चूक झाली त्या आठवड्यात सांगा. जूनमधली चूक मार्चपर्यंत मुरवत ठेवू नका.

२. बोलायचं ते कामाबद्दल बोला. क्लूगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकच्या प्रयोगांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली दिसली. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. ‘तू प्रोअ‍ॅक्टिव्ह नाहीस’ ऐकून माणूस रात्रभर जागतो. ‘टेस्टिंग एक आठवडा आधी सुरू करायला हवं होतं’ ऐकून पुढचं रिलीज सुधारतो.

३. पगाराची आणि सुधारणेची बैठक वेगवेगळ्या महिन्यांत ठेवा. पैशाचा आकडा कानावर पडल्यावर पुढचा सल्ला कोणाला ऐकू येत नाही. बजेट नसेल तर तसं सांगा. त्यासाठी आमच्यात खोट काढू नका.

४. रेटिंग द्यायचंच असेल तर उदाहरणांसह लेखी द्या, आणि त्यावर उत्तर देण्याची सोय ठेवा. सरकारी कारकुनाला जे मिळतं, तेवढंच मागतो आहोत.

आणि मॅनेजर मंडळी, हे पत्र साहेबांच्या नावे असलं तरी वाचणार तुम्हीच. कर्व्ह बोलत नाही, तुम्ही बोलता. पुढच्या मीटिंगमध्ये कोणाला तरी खाली ढकलायची वेळ आली, तर त्याची चूक तुम्ही त्याला आधी कधी सांगितली होती, एवढं विचारा. सांगितली नसेल, तर त्या वर्षीचं ‘अपेक्षेपेक्षा कमी’ तुमच्या नावापुढे लिहा.

आपला,
मधल्या ७० टक्क्यांतला एक