खूर दाखवा

निवृत्तीनंतर माणसाने काय पाळावं याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. बायकोच्या मते मौन. माझ्या मते मेंढ्या.

भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून सुटलो तेव्हा घोडपेठच्या बाजूला तीन एकर वावर होतं, विहिरीला पाणी होतं आणि फंडाचे पैसे अजून नातेवाइकांना कळायचे होते. शेळ्या घ्या, असं सगळ्यांनीच सांगितलं. 2019च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या 1 कोटीच्या वर आणि मेंढ्या 27 लाखांच्या आसपास, म्हणजे बहुमत शेळीकडेच. त्यातून बेरारी ही विदर्भाची स्वतःची शेळी. पण शेळी मान वर करून खाते. शेजाऱ्याची तूर, पेरूचे शेंडे, दोरीवरचं धुणं, तिला काहीही परकं नाही. मेंढी मान खाली घालून चरते. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हा गुण लांबूनही ओळखू येतो.

मेंढ्या ठरल्या. प्रश्न उरला जातीचा. भारतात मेंढ्यांच्या नोंदलेल्या जाती चाळीसहून अधिक, आणि आमच्या कॉलनीत निम्मा भारत राहतो. कट्ट्यावर नुसता विषय काढायचा अवकाश, राष्ट्रीय एकात्मता मोडली.

राजस्थानच्या गड्याने चोकला सुचवली. शेखावाटीची मेंढी, लोकर अशी मऊ की तिला राजस्थानची मेरिनो म्हणतात. हे तो मे महिन्यात, पारा 47 अंशांकडे निघालेला असताना, डोक्यावर ओला पंचा ठेवून सांगत होता. मंड्याकडच्या गृहस्थांनी बन्नूर सांगितली. बुटकी, रुंद पाठीची. मांस म्हणे तोंडात विरघळतं. गृहस्थ जन्माने शाकाहारी, पण अभिमानाला पथ्य नसतं. सांगलीकराने माडग्याळशिवाय दुसऱ्या जातीचं नाव घेऊ दिलं नाही. जत तालुक्यातली उंच, तपकिरी ठिपक्यांची मेंढी, पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं नाक. 2020 साली तिकडच्या एका मेंढ्याला 70 लाखांची बोली आली आणि मालकाने दीड कोटी मागत ती नाकारली. माझ्या फंडात त्याचं नाक तेवढं आलं असतं.

पुण्याहून भाच्याने मोबाइलवर डॉर्पर पाठवली. 1930च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून झालेली. “मामा, हिची लोकर आपोआप गळते!” भद्रावतीच्या उन्हाळ्यात सगळंच आपोआप गळतं, असं मी त्याला कळवलं.

मला खरं अडवलं ते बंगाली बाबूंनी. ते म्हणाले, गॅरोल घ्या. सुंदरबनची मेंढी, गुडघाभर चिखलात उभी राहून चरते. आमच्याकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, जमीन काळी आणि भारी. श्रावणात वावर चिभडलं की मेंढीच्या दोन खुरांमधल्या फटीत चिखल बसतो, खूर सडतो आणि जनावर पुढचे गुडघे टेकून चरायला लागतं. सांगली-साताऱ्याच्या पर्जन्यछायेतल्या मेंढीला हा अभ्यासक्रम शिकवलेलाच नसतो. गॅरोलला तो पाठ आहे. शिवाय बाबू म्हणाले, “वाघाची सवय आहे तिला.” मोहर्लीचं ताडोबाचं गेट आमच्याच तालुक्यात, तेव्हा हा मुद्दा अगदीच फालतू नव्हता.

मग वजन विचारलं. बाबू चहात बघत म्हणाले, बारा-पंधरा किलो.

एवढीशी मेंढी, पण तिने जगप्रवास केलेला आहे. 1790च्या दशकात कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि तिथल्या कळपांत मिसळून गेल्या. पुढे तिथे बुरूला नावाच्या शेतावरच्या मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी कोकरं द्यायला लागल्या आणि शास्त्रज्ञ कामाला लागले. शेवटी माग निघाला तो बंगालपर्यंत. जनुक तेच, जे गॅरोलमध्ये आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोल आणून ते जनुक आपल्या दख्खनी मेंढीत उतरवलं. जुळ्यांना दूध पुरावं म्हणून अवासी या दुधाळ जातीचंही रक्त घातलं आणि नारी सुवर्णा तयार झाली. महाराष्ट्रात मेंढीवर इतकं चिकाटीचं काम क्वचितच झालं असेल, आणि हे मी विनोदी लेखातही गंभीरपणे लिहितो. माझी अडचण एवढीच की जुळ्यांतल्या अशक्त कोकराला रात्री उठून आईच्या आचळाला लावावं लागतं. आमच्या घरी हे काम पूर्वी कोणी केलं आणि कोण घोरत होतं, हा विषय बायकोने लगेच काढला.

कट्ट्यावर निकाल लागेना, म्हणून चंदनखेड्याच्या वाटेवर एका कुरमार म्हाताऱ्याला गाठलं. चंद्रपूर-गडचिरोलीत मेंढ्या राखाव्या त्या कुरमारांनी. खांद्यावर घोंगडी, बोली घरात तेलुगू आणि बाजारात झाडीची, कळप काळा.

“मामा, ही कोणती जात?”

“मेंढराची, जी.”

मी माडग्याळपासून डॉर्परपर्यंत सगळी यादी ऐकवली. त्याने ती शांतपणे ऐकली, तंबाखू चोळली आणि म्हणाला, “साहेब, मेंढराले नाव काहाले पायजे? मेंढराले खूर पायजे.” मग जवळची एक मेंढी मागच्या पायाने धरून त्याने चटकन बुडावर बसवली. बसवलेली मेंढी एकदम मुकाट होते; तिच्याकडे पाहून मला कार्यालयातल्या बैठका आठवल्या. त्याने अंगठ्याने खुराची फट उघडून दाखवली, आत कोरडी, गुलाबी. नाकाशी नेऊन वासही घेतला. सडका खूर म्हणे दिसायच्या आधी घाणतो. खालचा ओठ ओढून दात दाखवले, चार दाती. कमरेच्या मणक्यावर बोटं दाबून मांस पाहिलं. पावसाळ्यात मोरचुदाच्या पाण्यात खूर बुडवायचे, पण ते पाणी तिला पिऊ द्यायचं नाही, मेंढीला तांबं सोसत नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं. फी घेतली नाही. तंबाखू मात्र माझी संपवली.

त्याच्या मेंढ्या काळ्या, लोकरीच्या, पण नर उंच, गुळगुळीत, केसांचा. नेल्लोरी. आपल्याकडची सगळ्यात उंच मेंढी ती. “लोकर कापाले पैसे जाते, इकाले पैसे भेटत नाही,” म्हातारा म्हणाला. केसांचं पोर पावसात भिजलं तरी लवकर सुकतं, आणि वजन बापाकडून घेतं. बाजाराचंही तेच. भद्रावतीचं गिऱ्हाईक “बोकडाचंच ना?” असं विचारल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही; मेंढीच्या मटणाला मान राजुऱ्यापलीकडे, तेलंगणात. कॉलनीतला तेलुगू फिटर पहिल्या दिवसापासून नेल्लोर, नेल्लोर म्हणत होता, पण तो सगळ्यांच्या शेवटी आणि हळू बोलतो.

“आणि वाघ?” मी विचारलं.

“वाघ जात नाही इचारत, जी.”

वन विभागाचा पंचनामाही विचारत नाही. नुकसानभरपाईच्या कागदावर सत्तर लाखांची काय आणि सात हजारांची काय, मेंढी ती मेंढीच. म्हणून रात्री पक्का, वरून जाळीचा वाडा, आणि नाकावर पैसे घालायचे नाहीत.

किती घ्यायच्या हे सरकारनेच ठरवून ठेवलंय. 2017मध्ये तेलंगणाने गोल्ला-कुरुमा कुटुंबांना द्यायला घेतल्या त्या 20 मेंढ्या आणि 1 नर. आपली महामेष योजनाही 20 अधिक 1. दोन्ही राज्यांचं इतकं एकमत मी गोदावरीच्या पाण्यावरही पाहिलेलं नाही. योजना भज-क प्रवर्गासाठी आहे, मी त्यात बसत नाही, पण आकडा फुकट वापरायला हरकत नसावी.

तेव्हा आमचं ठरलं: मेंढ्या कुरमाराच्या कळपातल्या, आमच्याच चिखलात वाढलेल्या, नर नेल्लोरी. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, जंताचं औषध, चाऱ्याला तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार. मेंढ्यांचा सौदा झाला आहे, नर मिळायचा आहे. भद्रावती, वरोरा, राजुरा या बाजूला कुणाकडे खात्रीचा, चार दाती नर असेल तर जरूर कळवा. मोबाइलवर तोंडाचा फोटो पाठवू नका. खूर दाखवा.