जोडीनं बदलायचं असतं

जुन्या सोसायटीत एक तरी मारुती ऑम्नी असतेच, आणि तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले एक काकाही असतात. नवख्याला वाटतं, काका गाडी दुरुस्त करताहेत. तो सहज विचारतो, ‘काय काका, झाली का गाडी?’ आणि पुढचा पाऊण तास लोअर आर्मचं बुश म्हणजे काय, हे उभ्याउभ्या ऐकतो. दुरुस्ती अजून लांब असते. सध्या नियोजन चालू असतं.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीतले काका पिंपरीच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होते. ते निवृत्त झाले आणि खातं घरी आलं. मारुतीनं व्हॅन आणली १९८४ साली, पुढे तिची ऑम्नी झाली, २०१९ साली ती बंद झाली. घरातल्या माणसाचा जन्म, बारसं आणि तेरावं सांगावं तसं काका हे सांगतात. त्यांची स्वतःची २००४ची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी झाली, पाच वर्षांनी परत झाली. ‘माणसाची करतं का कुणी पुनर्नोंदणी?’ हा त्यांचा आवडता सवाल. त्यावर काकू आतून, ‘करत असते तर ब्रेक टेस्टला नापास झाला असतात,’ एवढंच म्हणतात.

गाडीचं दुखणं जुनं आहे. खड्ड्यात गेली की पुढून डावीकडे ‘खट्’. या खट्वर काकांचा भारी जीव. गाडीत बसेल त्याला तो ऐकायची ड्यूटी लागते. मला मागच्या सीटवर बसवून त्यांनी गेटाजवळच्या स्पीडब्रेकरवरून गाडी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. ‘ऐकलंस? बॉल जॉईंट नव्हे हा. बॉल जॉईंट टक् म्हणतो.’ मी मान डोलावली. खट् आणि टक् यांतला फरक समजायला गाडी आपली असावी लागते.

मिस्त्रीला तो फरक दहा सेकंदांत समजला होता. त्यानं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं, मग आर्मखाली टॉमी घालून जोर दिला. ‘बुश गेलंय काका. गाडी ठेवून जा, संध्याकाळी न्या.’ काका दुखावले. गाडी घेऊन तसेच घरी आले आणि वही काढली.

वहीत पहिल्या पानावर फक्त बुश होतं. पण बुश बदलायला आर्म काढावा लागणार. मग बॉल जॉईंट कशाला जुना ठेवायचा? तिथून शॉकअप हातभरावर. डावा गळतोय, आणि शॉकअप जोडीनंच बदलायचे असतात, नाहीतर एक बाजू नरम, एक कडक. हे अगदी बरोबर आहे. गोम अशी, की काका तो नियम सगळ्यालाच लावतात. पुढचे नवे घातले तर मागचे पाटे नाराज होणार. पुढचं काम झालं की अलाइनमेंट आलं, आणि झिजलेल्या टायरांवर अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. ‘एकदा खोललंच आहे तर,’ असं म्हणत म्हणत चौथ्या पानावर सीटकव्हरं आली. खोललेलं अजून काहीच नव्हतं.

तारखेचंही तसंच. पावसाळ्याआधी केलं तर नवं सामान खड्ड्यांत जाणार. पावसात गॅरेजसमोर चिखल. गणपतीत गाडी लागते, पितृपक्षात नवी वस्तू आणायची नाही, दिवाळीत मिस्त्री गावाला. मग लग्नसराई. मार्चअखेरीला काका सवयीनं अजूनही बिझी असतात.

मात्र ब्रेकच्या बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा. ऑम्नीला नाक नाही. इंजिन सीटखाली, गुडघ्यापुढे पत्रा आणि पत्र्यापुढे समोरचा ट्रक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताजं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरलं की तोच आकडा १४० च्या आसपास येतो. मग खंबाटकीचा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर पेडल नुसतंच खाली जातं. काका हे समजावत असताना काकू शेजारच्या सीटवर रिकाम्या जागेत पाय दाबून बघतात. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर जेव्हा किर्रर्र आवाज यायला लागला, तेव्हा पंचांग मिटलं आणि येत्या रविवारची तारीख ठरली. रविवार अशासाठी, की गॅरेजात गर्दी नको.

सामान शनिवारीच नाना पेठेतून आलं होतं, एकेका पिशवीवर चिठ्ठी लावून. पॅड पार पत्र्याला टेकले होते, डिस्कवर चर पडले होते. गॅरेजमधल्या पोरानं कॅलिपर सोडवला आणि होजवर लोंबकळत सोडणार, एवढ्यात काकांनी खिशातून हँगरची तार वाकवून केलेला आकडा काढला. ‘याला अडकव. वजन होजवर आलं की होज आतून फाटतो, बाहेरून दिसत नाही.’ मिस्त्रीनं आकड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पोराला म्हणाला, ‘बघ. शिक काहीतरी.’ निवृत्तीच्या निरोप समारंभातही काका एवढे खूश दिसले नव्हते.

दुपारी डाव्या आर्मचा बोल्ट अडला. गंजून बुशच्या नळीत असा बसला होता, की तेल पाजलं, हातोडा झाला, पाइप लावून पान्हा ताणला, तरी हलेना. शेवटी कापला. नवा बोल्ट हवा. वहीत सगळं होतं, तेवढा नव्हता. आणि दुकानं रविवारची बंद. गाडी पुढून घोड्यांवर, चाकं भिंतीला टेकलेली.

काका हिरमुसतील, असं मला वाटलं. त्यांनी स्टूल ओढलं, वही मांडीवर उघडली आणि कोरं पान काढून ठळक अक्षरात लिहिलं, ‘बोल्ट – २ नग.’ तेवढ्यात काकूंचा फोन आला.

‘झाली का?’

‘खोललीय!’ काका म्हणाले.

‘बरं,’ काकू म्हणाल्या, ‘मी रिक्षानं जाते.’