हुशार आहे, पण…

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, आरती संपून जेवणाची रांग लागेपर्यंतच्या वेळात, एक तरी बाप असा भेटतोच जो न विचारता सांगतो, "आमच्याला एसएटीत 1570 पडले." एवढं बोलून तो थांबतो. आपण 'वा!' म्हणायचं असतं. पण एखादी चौकस काकू 'वा!'च्या पाठोपाठ "आणि जीपीए?" असं विचारते, आणि त्या बापाला एकाएकी आठवतं की गाडी चुकीच्या जागी लावली आहे.

हा जो 'आमच्याला' आहे, त्याला आपण चिरंजीव म्हणू. वय सतरा. अंगात बारा महिने तोच हूडी, एका कानात सतत काहीतरी चालू. बोलायला गोड, मोठ्यांना नमस्कार करणारा, आणि बायझंटाइन साम्राज्य का बुडालं यावर रात्री दोन वाजता अर्धा तास बोलू शकणारा. इतिहासाच्या बाईंनी त्याच विषयावर दोन पानं लिहून मागितली होती. ती त्यानं लिहिली. लिहून लॅपटॉपवर ठेवली. "अगं आई, झालंय ते, फक्त सबमिट करायचं राहिलंय," हे वाक्य त्या घरात नववीपासून ऐकू येतं.

एसएटीला, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला, तो अभ्यासाशिवाय गेला. ऑगस्टमधला शनिवार, आईनं तीनदा उठवलं, बापानं केंद्रावर सोडलं, लॅपटॉपचा चार्जर घरीच राहिला. डिजिटल झाल्यापासून ही परीक्षा 2 तास 14 मिनिटांची आहे, आणि ही मुदत चिरंजीवाच्या प्रकृतीला अगदी मानवते. 2 तास 14 मिनिटं तो कुणाचंही ऐकतो. शाळा मात्र वर्षाला 180 दिवस असते, आणि अशी चार वर्षं.

अमेरिकेतल्या शाळेचा ग्रेड, आणि ग्रेडांच्या सरासरीचा जीपीए, कसा बनतो हे आपल्याकडच्या माणसाला लवकर पटत नाही. होमवर्क, छोट्या क्विझ, प्रोजेक्ट, वर्गात तोंड उघडलं की नाही, सगळं त्यात मिसळतं. न दिलेल्या होमवर्कला अनेक शिक्षक सरळ शून्य देतात. चार वेळा 95 आणि एकदा शून्य, तर सरासरी 76 आणि ग्रेड 'सी'. हा हिशोब चिरंजीव तोंडी करतो, वर तो गणिती दृष्ट्या किती अन्यायाचा आहे हेही समजावून सांगतो, आणि पाचवा होमवर्क देत नाही. एपी कॅल्क्युलसच्या वर्गात वर्षभर 'सी', आणि मेमध्ये त्याच विषयाच्या राष्ट्रीय परीक्षेत 5 पैकी 5. न्यू जर्सीत हायस्कूलची चारही वर्षं पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण, सक्तीचं असतं. तिथेही 'सी', कारण कपडे आणले नव्हते. पाय धड असलेल्या मुलाला धावण्यात 'सी' कसा मिळतो, हे बापाला आजतागायत कळलेलं नाही.

बापाला कळणारही नाही, कारण तो पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा. त्याच्या काळात प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर व्हायचा. अकरावी हे वर्ष सिनेमे बघायला दिलेलं असे. सहामाहीत काय दिवे लावले, जर्नल कुणाचं बघून पूर्ण केलं, प्राध्यापकांनी कितीदा वर्गाबाहेर काढलं, यातलं एक अक्षर प्रवेशाच्या फॉर्मवर नव्हतं. मार्चमध्ये जीव तोडून बसला, जूनमध्ये पेढे वाटले. त्याच्याविषयीही त्याची आई शेजारणीला "हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही" असंच सांगायची, आणि त्यातला अभिमान लपत नसे. आपल्याकडे ही तक्रार कधीच नव्हती. अभ्यास करून मार्क मिळवणाऱ्याला आपण 'घोकंपट्टीवाला' म्हणतो आणि न करता मिळवणाऱ्याची गोष्ट लग्नाकार्यात सांगतो. चिरंजीवाचा गुन्हा इतकाच की तो बापावर गेला, पण चुकीच्या देशात.

अकरावी संपली की ग्रेडपेक्षा एसएटी मोठी याचे पुरावे बाप गोळा करू लागतो. एमआयटीनं मार्च 2022मध्ये एसएटीसारखी परीक्षा पुन्हा सक्तीची केली, 2024मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड त्याच वाटेनं गेले, या तारखा त्याला मुलाच्या लसीकरणाच्या तारखांपेक्षा चांगल्या पाठ आहेत. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या अतिनिवडक कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या यशाचा अंदाज शाळेच्या ग्रेडपेक्षा एसएटीवरून जास्त चांगला बांधता येतो. तेव्हापासून चेट्टींचं नाव त्या घरात कुलदैवतानंतर घेतलं जातं. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या मुलांवरचा 2020चा अभ्यास नेमकं उलट सांगतो: पदवी पुरी कोण करणार हे परीक्षेपेक्षा शाळेच्या ग्रेडवरून जास्त कळतं. तो अभ्यास बापाला बायको पाठवते.

मग एक्सेल शीट. नववीचे ग्रेड सर्वांत वाईट, तेव्हा नववी न मोजणारं विद्यापीठ कुठलं? सापडतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए काढताना दहावी-अकरावीच धरते. घरात उत्साह. दोन ओळी खाली वाचल्यावर कळतं की प्रवेश ठरवताना ती एसएटीकडे ढुंकूनही बघत नाही. अलाबामा विद्यापीठ स्कोअर बघून शिष्यवृत्ती देतं, पण तिथे जीपीए साडेतीन लागतो आणि चिरंजीव 3.1वर उभे. सांगलीहून आजोबा व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "इकडे पाठवून दे, आयआयटीला बसव, एका परीक्षेत काम होईल." आता आयआयटीलाही बारावीला 75 टक्के नाहीतर बोर्डाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं, हे त्यांना सांगायचं कुणी?

शाळेच्या समुपदेशक बाई बिचाऱ्या नम्र. "अपवर्ड ट्रेंड दिसतोय," त्या म्हणतात. म्हणजे दहावीत 'सी' होता तिथे अकरावीत 'बी-मायनस' आहे. हा शब्द बाप घरी आणून फ्रिजवर लावायचा तेवढा बाकी ठेवतो. कॉलेजच्या अर्जातला 650 शब्दांचा निबंध हे पुढचं रणांगण. कुणीतरी सुचवतं की दहावीत कुटुंबावर काही आघात झाला असेल तर लिहा, प्रवेश समिती समजून घेते. खरोखर आजारी असलेली, एडीएचडीशी झगडणारी, संध्याकाळी दुकान सांभाळून शिकणारी मुलं असतात. अर्जातली ती जागा त्यांच्यासाठीच आहे आणि त्यांनी ती जरूर वापरावी. या घरात आघात शोधला गेला. सांगलीचे आजोबा रोज पाच किलोमीटर चालतात. आजी त्यांच्याही पुढे असते.

बापाला जे कुणी तोंडावर सांगत नाही ते असं आहे, की त्या 1570नंच घोटाळा केला. 1180 आणि 'सी' असते तर समितीतल्या माणसाला वाटलं असतं, पोरगा झेपेल तेवढं करतोय. 1570 आणि 'सी' म्हटल्यावर त्याला स्वच्छ दिसतं, की याला येतं आणि हा करत नाही. बरं, 1570वाला एकटा हाच नाही. एडिसन, वेस्ट विंडसरच्या शाळांत असे आकडे घेऊन फिरणारी आणि शिवाय सगळ्या विषयांत 'ए' असलेली मुलं थोडीथोडकी नाहीत, आणि त्यातली दोन तर मंडळाच्या नाटकात चिरंजीवाच्या शेजारी मावळा होऊन उभी असतात. कॉलेजला मुलगा निवडायचा असतो तो चार वर्षं रोज काम करायला. ते काम बुद्धीत कमी असलेलाही निभावून नेतो, हे या देशानं पुरतं ओळखलंय. मला विचाराल तर त्यात फारसं चूकही नाही.

मग अर्जांची उत्तरं. डिसेंबरात 'डिफर्ड', म्हणजे निर्णय पुढे ढकलला, मार्चअखेर सात नकार आणि एक वेटलिस्ट. रटगर्स विद्यापीठाच्या अर्जात आपले ग्रेड विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं टाइप करायचे असतात. ते काम चिरंजीवानं शेवटच्या संध्याकाळी केलं आणि एक-एक 'सी' टाइप करताना तो प्रथमच जरा गप्प होता, असं आई म्हणते. तिथेही मनासारखी शाखा मिळाली नाही. दुसरा रस्ता एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात दोन वर्षं काढून मग बदली घेण्याचा. तो स्वस्त आहे आणि चांगला आहे, पण गणेशोत्सवात सांगण्यासारखा नाही, म्हणून बापाला मान्य नाही. चिरंजीवाची काही हरकत नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, की तिथे हजेरी घेतात का.

घेतात. तेव्हा ज्यांच्या घरी असा 'हुशार आहे, पण' वाढतो आहे आणि अजून नववी-दहावीतच आहे, त्यांनी हा मजकूर बाजूला ठेवून त्याच्या खोलीत जावं. होमवर्क झालेला असेल. तो सबमिट करायला लावा. शाळेचं पोर्टल सहसा रात्री 11:59पर्यंत उघडं असतं.