आणखी एक प्रशिक्षण मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण समन्वयक (क्षयरोग)

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : मागील सर्व प्रशिक्षणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आशाताई, एएनएम, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि क्षयरोग पर्यवेक्षक असे आम्ही सारे आता पूर्णपणे प्रशिक्षित झालो आहोत. सकाळच्या आणि संध्याकाळच्या चाचणीचा पेपर एकच असल्याने दिवसभरात आमच्या ज्ञानात जी भर पडते, ती पाहून आम्हीच थक्क होतो.

हवेतून पसरणाऱ्या रोगाचे सत्र आपण वातानुकूलित सभागृहात, खिडक्या बंद करून घेतलेत. ‘खेळती हवा महत्त्वाची’ ही स्लाइड पडद्यावर असताना मागच्या रांगेत दोघे खोकत होते. त्यांचा बेडका तपासणीला पाठवावा, असे कोणाच्याही मनात आले नाही. बेडक्याचे सत्र जेवणानंतर होते ना!

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. मात्र रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते आणि हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायचे असते, ही गोष्ट आपण अर्ध्या ओळीत उरकलीत. गावात काय होते ते सांगतो. माणूस गोळ्या घेतो, मोरीत जातो, लाल रंग पाहतो आणि घाबरून बाहेर येतो. ‘औषध उष्ण पडलं,’ असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा निकाल लागतो आणि गोळ्या फडताळात जातात. दोन महिने नीट घेतल्या तर वेगळीच पंचाईत. खोकला थांबतो, भूक लागते, अंग भरते. मग पुढचे चार महिने कशाला, असा हिशेब सुरू होतो. त्यात दसरा-दिवाळीला टोळी ऊसतोडीला निघते. रुग्णनोंदीच्या पोर्टलवर रुग्ण चुटकीसरशी ‘ट्रान्सफर’ होतो; प्रत्यक्षात तो कोणत्या फडात उतरला, हे एकट्या मुकादमाला ठाऊक. मुकादमाशी कसे बोलावे, यावर आपल्याकडे एकही स्लाइड नाही.

49 किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या, 50 किलोच्याला चार, हे तोंडपाठ आहे. आमच्या वजनकाट्याला दोन किलो इकडेतिकडे चालतात, एवढेच.

2018 साली देशाच्या क्षयमुक्तीसाठी 2025ची मुदत जाहीर झाली, तेव्हा आम्ही हात पुढे करून शपथही घेतली, फोटोसह. तरी जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्याच देशातला. म्हणजे आमच्या प्रशिक्षणातच काहीतरी उणे राहिले, हा आपला निष्कर्ष शिरसावंद्य. मार्च 2024 मध्ये गोळ्यांचाच तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती खरेदी स्वतः करायला सांगितले. गोळ्या नसताना ‘एकही डोस चुकवू नका’ हे वाक्य कोणत्या चेहऱ्याने म्हणावे, याचे प्रात्यक्षिक तेव्हा ठेवले असते तर उपकार झाले असते.

आता मूळ मुद्दा. खोकला लागलेला माणूस आधी आमच्याकडे येतच नाही. तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो किंवा मेडिकलमधून सिरप घेतो. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतल्या 100 खासगी डॉक्टरांनी क्षयावर 80 तऱ्हेची औषधयोजना सांगितली होती. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुन्हा विचारले, तेव्हा 106 जणांनी 63 तऱ्हा सांगितल्या आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले सहा. तऱ्हा कमी झाल्या, ही प्रगतीच म्हणायची. पण या मंडळींना सक्तीने सभागृहात बसवता येत नाही. आम्हाला येते. म्हणून ज्याला ठाऊक आहे त्यालाच पुन्हा शिकवण्याची ही सोपी वाट आपण धरली असावी, अशी आमची नम्र शंका आहे.

तरी पुढचे प्रशिक्षण सभागृहात न घेता एखाद्या वस्तीत, रुग्णाच्या ओट्यावर घ्यावे. चालू स्थितीतला वजनकाटा आणि पुरेशा गोळ्या सोबत आणाव्यात. आणि आमच्या जागी त्या गल्लीतले डॉक्टर व औषधविक्रेते यांना बोलवावे. त्यांच्यासाठी आमच्या खुर्च्या आम्ही आनंदाने सोडतो.

आपला,
एक प्रशिक्षित