गिटारवाल्यांचा गोपनीय अहवाल

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांची कार्यक्षमता तपासण्यासाठी या सदराने एकसदस्य समिती नेमली होती. सदस्य आम्हीच. निकष एकच ठेवला : स्वर प्रति सेकंद. सुरेलपणा, रंगत, भाव वगैरेंसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. जिला रकाना नाही ती गोष्ट अस्तित्वातच नसते, हे सरकारी खिडकीशी उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

हिशोब सोपा आहे. मेट्रोनोम मिनिटाला १८० ठोक्यांवर लावायचा, एका ठोक्यात चार स्वर वाजवायचे, की सेकंदाला १२ झाले. इथे थांबणारे आळशी. ब्राझीलच्या तियागो देला वेगाने २००८ साली रिम्स्की-कोर्साकोव्हची 'फ्लाइट ऑफ द बम्बलबी' ३२० ठोक्यांच्या गतीने वाजवून गिनेसमध्ये नाव नोंदवलं. म्हणजे सेकंदाला एकविसाहून जास्त. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस कंपनांपासून पुढे सलग नाद ऐकू येऊ लागतो. त्यामुळे वेग आणखी थोडा वाढवला तर सुटे स्वर उरणारच नाहीत, नुसती घूं उरेल. भुंग्यावर रचलेलं संगीत शेवटी भुंग्याच्याच हवाली होईल. समितीच्या दृष्टीने ही प्रगती आहे.

आता कर्मचाऱ्यांकडे वळू.

बी. बी. किंग, जन्म १९२५, मिसिसिपी. ही सेवापुस्तिका वाचून समितीला भोवळ आली. एक स्वर लावायचा, त्यावर डाव्या हाताचं बोट झुलवायचं आणि मग चक्क गप्प बसायचं! गाताना वाजवायचं नाही, वाजवताना गायचं नाही. म्हणजे पदं दोन अडवलेली आणि एका वेळी काम एकाचंच. कॉर्ड आपल्याला जमत नाहीत, हे स्वतःच जाहीर सांगून मोकळे. उभ्या कारकिर्दीत घाई केल्याची नोंद एकदाच सापडते. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावी कार्यक्रम चालू असताना दोघांच्या मारामारीत पेटती शेगडी उलटली, हॉलला आग लागली, लोक बाहेर धावले आणि हे गृहस्थ गिटार आणायला परत आत धावले. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झालं होतं, असं मागाहून कळलं. म्हणून गिटारीचं नाव ल्युसिल. असला मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून. २०१५ साली ते वारल्यामुळे कारणे दाखवा नोटीस बजावता आली नाही. वेतनवाढ मात्र रोखली. त्यांचा एक स्वर लागला की अर्धं जग नाव ओळखतं म्हणे. पण ओळख पटण्याचा निकष आमच्या फॉर्ममध्ये नाही.

एरिक क्लॅप्टनची तर चौकशीच करावी लागली नाही. ज्याला लोक 'स्लोहँड' म्हणतात, त्याच्याविरुद्ध आणखी पुरावा कशाला?

पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मोर. १९७९ च्या 'कम्फर्टेबली नम्ब'मधल्या एकलवादनात हे एक स्वर ओढतात, त्याला हवं तिथे नेऊन टेकवतात, आणि तो विरेपर्यंत त्याच्याकडेच बघत राहतात. ऐकणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं, अशा तक्रारी आहेत. उत्पादकता शून्याच्या आसपास. वेतनवाढ रोखली.

यानंतर समितीचा लाडका कर्मचारी, स्टॉकहोमचा यिंग्वे माल्मस्टीन. बाख आणि पागानिनी यांना व्हायोलिनवरून उचलून त्याने थेट स्ट्रॅटोकास्टरवर आणलं, आणि १९८४ साली 'रायझिंग फोर्स' आल्यावर जगभरच्या पोरांनी झोपायच्या खोल्यांची दारं आतून लावून घेतली. थोडक्यात गोडी असते, ही कल्पनाच त्याला मान्य नाही. कमी म्हणजे जास्त कसं असेल, जास्त म्हणजेच जास्त, असं त्याचं स्वच्छ म्हणणं. बढतीची शिफारस लिहायला घेतली आणि एक घोटाळा उघड झाला. या माणसाच्या गिटारीवर दोन फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. वेगासाठी असेल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात बोट लाकडाला न टेकता नुसत्या तारेवर राहिलं की स्वर ओढायला आणि झुलवायला चांगली पकड मिळते. म्हणजे आमचा आदर्श कर्मचारी घाईच्या आड बी. बी. किंगचाच धंदा करत होता! त्याची वादळं नीट ऐकलीत तर प्रत्येक वादळ एका लांब, थरथरत्या स्वरावर येऊन थांबतं, आणि तो स्वर पक्का सुरात असतो. नक्कल करणाऱ्यांनी वादळ तेवढं घेतलं.

एडी व्हॅन हेलनचंही तेच. १९७८ चं 'इरप्शन' अवघं १ मिनिट ४२ सेकंदांचं, पण त्यात श्वास घ्यायच्या जागा आहेत. पुढच्या दशकात त्या जागा बुजवणाऱ्यांची भरती एवढी झाली की १९९१ साली सिअ‍ॅटलकडून निर्वाणा आली आणि एका हंगामात सगळ्यांची कपात झाली. कर्ट कोबेनने 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मध्ये गिटारीची पाळी आल्यावर काय वाजवलं? गाण्याचीच चाल! समितीने याला कॉपी ठरवून त्याचीही वेतनवाढ रोखली.

इतका वेळ ज्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं, त्या 'फील'वाल्यांनी सावरून बसावं. हा वर्ग महागडी गिटार घेतो, डोळे मिटतो, दाढ ठणकल्यासारखा चेहरा करतो आणि स्वर ओढतो. तो श्रुतीभर अलीकडेच दम टाकतो. विचारलं तर म्हणे, आम्ही वेगाच्या मागे लागत नाही. लागायला जमलं पाहिजे ना! सेकंदाला बारा स्वरांच्या गर्दीत एखादा बेसूर खपून जातो. एकटा स्वर तीन सेकंद उभा राहिला की त्याला लपायला जागा नसते. गिल्मोरची सावकाशी ही आळसाची पळवाट नाही, हे या मंडळींना कोणीतरी कळवावं.

आपल्याकडच्या श्रोत्यांना यात नवीन काही वाटणार नाही. 'तयारी आहे हो, पण गाणं नाही,' हा शेरा मैफिलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात धरून पिढ्यान्‌पिढ्या मारला गेलाय. जॉन मॅक्लॉफ्लिनने मात्र तो ओढवून घेतला नाही. सत्तरच्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर यांच्यासोबत 'शक्ती'मध्ये तो बेफाम वाजवायचा, पण दुगुन-चौगुन कशाची, हे त्याला ठाऊक असायचं. मूळ लय हातात असल्याशिवाय पट कशाची करणार? मेट्रोनोमवर २०० चा आकडा गाठल्याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना हा प्रश्न विचारून बघा. काही जण तर व्हिडिओच मागाहून वेगात फिरवतात, असे आरोप होतात. तो खरा विक्रम : हातही न हलवता वेग.

अहवाल छपाईला जाता जाता समितीला समजणारी एकमेव भाषा, म्हणजे आकडे, कानावर आली. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. पुढच्याच वर्षी कोबेनची मार्टिन ६० लाखांवर गेली. १९९३ साली त्याने तिच्यावर एमटीव्हीचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम केला होता. त्या अख्ख्या कार्यक्रमात सेकंदाला बारा स्वर एकदाही भरत नाहीत. किंग, गिल्मोर आणि कोबेन या तिघांचीही रोखलेली वेतनवाढ पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात येत आहे.