टुबा सिटीचे साडेनऊ

अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानात सूर्यप्रकाश इतका मुबलक आहे की, तो जपून वापरावा असा उपदेश तेथील रहिवाशांना करणे म्हणजे कोकणातल्या माणसाला आषाढात पाणी साठवून ठेवण्याचा सल्ला देण्यासारखे आहे. १९६६ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेसने समान वेळेचा कायदा करून उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे सारण्याचे फर्मान काढले, आणि १९६७ चा उन्हाळा ॲरिझोनाने ते पाळलेही. परंतु फिनिक्समध्ये जूनअखेरीस रात्रीचे साडेआठ उलटून गेले तरी सूर्य मावळेना, मुले अंथरुणाला पाठ टेकीनात आणि मोटारीत बसून पाहावयाच्या चित्रपटगृहांच्या मालकांना पडद्यापुरताही अंधार मिळेना, तेव्हा १९६८ साली विधिमंडळाने कायद्यातच ठेवलेल्या मुभेचा आधार घेऊन या फर्मानातून आपली सुटका करून घेतली.

प्रकरण येथेच मिटले असते तर मला हे चार शब्द लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. पण या संस्थानाच्या ईशान्येस नावाहो लोकांचा मुलूख आहे. त्याचा विस्तार यूटा आणि न्यू मेक्सिको या शेजारच्या संस्थानांतही असल्यामुळे, विंडो रॉक येथील त्यांचे सरकार सगळ्या मुलखाला एकच वेळ असावी म्हणून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करते. या मुलखाने चहूबाजूंनी वेढलेली होपी लोकांची भूमी आहे, आणि ती सर्वस्वी ॲरिझोनातच असल्यामुळे होपी मंडळी घड्याळाला हात लावीत नाहीत. त्या होपी भूमीच्या पोटात पुन्हा नावाहोंचे एक ठाणे! अशा या मुलखात, फिनिक्सला नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने एका सप्टेंबरात आम्हां उभयतांना मोटारीत घालून नेले.

भाचा गाडी चालवी आणि अर्थशास्त्रही चालवी. घड्याळ पुढे सारण्याचा हा खटाटोप शेतकऱ्यांच्या सोयीसाठी आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी शेतकरी हाच त्याचा जुना वैरी, असे त्याचे प्रतिपादन होते. कारण दव सूर्य पाहून वाळते, गाय सूर्य पाहून पान्हा सोडते, आणि दुधाची मोटार तेवढी घड्याळ पाहून दारात उभी राहते. कैवारी कोण, तर संध्याकाळच्या उजेडात गिऱ्हाईक घराबाहेर पडते हे ओळखणारे दुकानदार. गोल्फवाल्यांनी तर उन्हाळी वेळेची मुदत महिनाभर वाढवून द्या, आमचा धंदा वीस कोटी डॉलरांनी वाढेल, अशी जबानी १९८० नंतरच्या दशकात काँग्रेसपुढे दिली. २००७ पासून ही मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत लांबली, आणि मुले दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागत हिंडतात ती हॅलोवीनची संध्याकाळ तिच्यात बसली, यात मिठाईवाल्यांची जुनीच मनीषा पुरी झाली. राहता राहिली विजेची बचत. इंडियाना संस्थानाने २००६ साली सरसकट हा प्रघात स्वीकारल्यावर घरगुती बिले तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले की, दिव्यांची वीज थोडी वाचली खरी, पण थंडाव्याची व उबेची वाढून एकंदर खप सुमारे एक टक्क्याने चढला.

मला मात्र या हिशेबापेक्षा मामला अंमलाचा वाटतो. १९०६ साली सरकारने हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू केली, तेव्हा तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेला आपला ‘बॉम्बे टाइम’ मुंबईच्या महापालिकेने पुढे कित्येक दशके सोडला नाही. आणि त्या ३९ मिनिटांत कोणाची किती वीज वाचली, हे विचारण्याचे कोणा नगरपित्याला सुचल्याचे ऐकिवात नाही. ज्याचे घड्याळ त्याचे राज्य, एवढे त्या नगरपित्यांना कळत होते आणि होपींनाही कळते.

टुबा सिटीस उतरलो त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. हे गाव नावाहोंचे. हमरस्ता ओलांडला की पलीकडे मोएनकोपी, ते होपींचे. आमचे बिऱ्हाड अलीकडे. चंद्रोदय साडेनऊनंतरचा आणि बिऱ्हाडाचे उपाहारगृह नऊलाच बंद! उपाशीपोटी निजण्याचा योग दिसताच भाचा खजील होऊन म्हणाला, “मामी, माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“पलीकडच्या खानावळीचा दिवा चालू दिसतोय,” सौभाग्यवती खिडकीतून म्हणाल्या. “ती किती वाजता बंद होते?”

“तीही नऊलाच.”

“त्यांच्या नऊला की आपल्या?”

एवढ्या प्रवासात दोघा पदवीधरांना जे सुचले नाही ते त्या एका प्रश्नात होते. क्षितिजावर चंद्र आला, त्यांनी अर्घ्य दिले, आणि रात्री पावणेदहाला निघालेले आम्ही तिघे रस्ता ओलांडून पावणेनऊला भाजलेले बटाटे, घेवडा आणि मक्याची भाकरी यांसमोर बसलो. या प्रथेपासून आमच्या कुटुंबाला झालेला एवढाच आर्थिक लाभ. कारण सकाळी भाचा फिनिक्सच्या साडेआठाच्या भरवशावर खाली उतरला तेव्हा बिऱ्हाडातला फुकटचा नाश्ता आवरून अर्धा तास झाला होता, आणि मामींच्या डब्यातल्या उरलेल्या दोन मोदकांवर त्याला गाडी हाकावी लागली.

पुढचा रस्ता २६४ क्रमांकाचा. शंभर मैलांच्या आत तो सहा वेळा वेळ बदलतो. मोटारीचे घड्याळ एक बोले, भ्रमणध्वनी जो मनोरा सापडेल त्याची री ओढी. या गोंधळात रक्तदाबाच्या गोळीची वेळ चुकणार या काळजीने मी निघाल्यावर थोड्याच वेळात सौभाग्यवतींना विचारले, “गोळी कधी घ्यायची, ठरवलंत का?”

“ती केव्हाच घेतली. रात्री आठची असते ना?”

“अहो, आता तर ऊन पडलंय!”

त्यांनी मनगट पुढे केले. घर सोडल्यापासून त्या घड्याळाची किल्ली फिरवावयाची ती फक्त चावी देण्यासाठी, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यात पुण्याचे साडेनऊ वाजले होते.