घर रंगवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (बोदवड तालुक्यापुरती)

घर रंगवणे म्हणजे एका छटेवर घरातल्या सर्वांचे एकमत होण्याची वाट पाहणे आणि ते न झाल्यास पांढरा लावणे. त्याचा क्रम असा.

१. मुहूर्त : रंगकाम कानबाई या खानदेशी देवीच्या सणाच्या आत संपले पाहिजे. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तेव्हा भिंतींना ओल असते आणि ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरतो. उन्हाळ्यात भिंती कोरड्या असतात, पण तेव्हा घरात लग्न असते आणि नळाला पाणी नसते. सबब काम कानबाईच्या आदल्या आठवड्यातच काढावे.

२. छटा : शेडकार्डात शेकडो छटा असल्या तरी आकाशी, पिस्ता, अबोली आणि गुलाबी एवढ्या ओळखता आल्या की पुरे. बोटभर चौकोनात नाजूक दिसणारा पिस्ता चारही भिंतींवर चढला की मिरचीच्या ठेच्यावर जातो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. म्हणून पसंतीपेक्षा दोन घरे फिकी छटा घ्यावी. आत्याबाई तरीही 'डार्क झाला' म्हणतील. ते खर्चात धरावे.

३. चुना : एकमत न झालेल्यांसाठी. चुनकळी पाण्यात टाकताच खदखदते, तेव्हा पोरांना लांब ठेवावे. रात्रभर मुरल्यावर गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी. निळीने पिवळटपणा झाकला जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना हळूहळू चुनखडी होतो. तोवर धीर नसलेल्यांच्या सदऱ्यावर भिंत उतरते. उरलेला चुना गच्चीवर ओतावा. पारा ४५ अंशांवर गेला की पांढरी गच्ची ऊन परतवते, आणि त्या रंगावर कोणी मत देत नाही.

४. नक्षीचा कागद : इंग्लंडात विल्यम मॉरिस याने १८६२ मध्ये जाळीवर चढलेल्या गुलाबांची नक्षी वॉलपेपरसाठी काढली. त्या काळच्या हिरव्या कागदांत आर्सेनिक असे. शोभेची किंमत तिकडेही मोजावी लागे. महाराष्ट्राचा पारंपरिक वॉलपेपर म्हणजे जिवतीचा कागद. नरसिंह, कालियामर्दन, जिवती आणि बुध-बृहस्पती असे चार मजले त्यावर असतात. तो श्रावणात चिकटवतात; काढताना नव्या रंगाचा तेवढाच चौकोन सोबत येतो.

५. समारोप : तो चौकोन झाकण्यासाठी १९७३ पासून 'कालनिर्णय' उपलब्ध आहे. त्यासाठी नवा खिळा ठोकू नये. रंगाऱ्याने लांबी भरून बुजवलेले जुने भोक शोधावे आणि खिळा तिथेच मारावा. भिंत पूर्ववत दिसू लागली की काम पूर्ण झाले असे समजावे.